माळ्यावरचा संडास

सकाळी आठनंतर पाणी प्यायचं नाही, असा नियम मी स्वतःला लावून घेतला होता. त्यात व्रतबित काही नव्हतं. भिवंडीजवळ पूर्ण्याच्या ज्या गाळ्यात मी कामाला आहे तिथे मला वापरता येईल असा संडास नव्हता, एवढंच कारण. माझा उजवा पाय लहानपणी पोलिओत गेला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आणि डाव्या काखेत कुबडी. कॅलिपर लावला की गुडघा ताठ राहतो, उकिडवं बसता येत नाही. आणि चार गाळ्यांत मिळून मागच्या बाजूला जो एक संडास आहे तो उकिडवं बसायचा, दोन उंच पायऱ्यांवर, कायम ओल्या फरशीचा. बाकीच्या बायका नाकाला ओढणी लावून जाऊन यायच्या. मी जायचेच नाही. साडेनऊला ड्युटी, साडेसहाला सुटी, मग शेअर रिक्षा, मग अंजूरफाट्याचं ट्रॅफिक, मग घर. मी आले की आई दार उघडून आधी बाजूला व्हायची. विचारत काही नसे.

दोनदा लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टर म्हणाले, दिवसभर भरपूर पाणी पीत जा. मी हो म्हणाले. त्यांना काय सांगणार होते?

आता ज्यांनी भिवंडीचा गाळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. इथे गोदामाला गाळा म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांचे हे गाळे ओळीने उभे आहेत, जिथे आमच्या आजीच्या आठवणीत भातशेती होती. गाळ्याचं जोतं मुद्दाम उंच बांधतात, बरोबर ट्रकच्या हौद्याइतकं. ट्रक पाठमोरा येऊन लागतो, मध्ये एक लोखंडी पत्रा टाकतात आणि ट्रॉली हौद्यातून थेट आत येते. मालाला एकही पायरी लागत नाही. खोक्याला धक्का बसू नये, कोपरा दबू नये, म्हणून इतका विचार केलेला. माणसांसाठी मात्र बाजूला चार पायऱ्या, त्यातली एक फुटकी. मी रोज त्या चार पायऱ्या चढताना तो पत्रा बघायचे आणि मनात शिव्या द्यायचे. कोणाला, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.

आणि आमच्या गाळ्यात माल कसला, तर कमोड. हसू नका. वॉश बेसिन, नळ, टाक्या आणि कमोड. पांढरेशुभ्र, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, पत्र्यापर्यंत रचलेले. कुठलं मॉडेल कुठल्या रांगेत, कुणाची सीट किती उंच, कुठला भिंतीला लागतो आणि कुठला जमिनीवर, हे सगळं मला तोंडपाठ. आवक-जावक माझ्याकडे आहे. कॉम्प्युटर बंद पडला तरी माझ्या डोक्यातला स्टॉक चुकत नाही, हे आमचे शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. दिवसभर एवढ्या कमोडांच्या मध्ये मी बसून असायचे आणि संध्याकाळी चारनंतर मांड्या आवळून घड्याळ बघायचे. कोणाला सांगितलं असतं तर थट्टाच झाली असती, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस शेठ स्वतः माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते वरच बसतात, माळ्यावर. गाळ्याच्या अर्ध्या भागावर लोखंडी सांगाडा टाकून केलेला हा माळा, त्यावर त्यांची एसी केबिन. त्यांच्या सीएने त्यांना काहीतरी सांगितलं होतं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, कामाच्या जागी त्यांची सोय करावी लागते, आणि छोट्या धंदेवाल्यांना ती सोय करायला सरकार मदत देतं. आधी आपण बांधायचं, अर्धे पैसे लगेच, उरलेले अर्धे, सरकारी साहेब येऊन पाहून गेल्यावर.

"अपने यहाँ तू है ना," शेठ म्हणाले. "तुझ्यासाठीच करायचं सगळं. रॅम्प, टॉयलेट, जो पण लागतो तो. फॉर्म भरून टाक तू. तुझं अक्षर चांगलं हाय."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, मला रडू आलं. इतकी वर्षं मी अपंग होते, मग सरकारने दिव्यांग केलं, आळीत लंगडीच राहिले. पण माझ्यामुळे कोणाला काही मिळतंय आणि त्यात मलाही काही मिळतंय, असं प्रथमच होत होतं. तो फॉर्म मी घरी नेला. 'कर्मचाऱ्याची गरज थोडक्यात लिहा' यासमोर दोन ओळींची जागा होती. मी आधी वहीत चार वेळा लिहून पाहिलं आणि मग फॉर्मवर उतरवलं. वर्षानुवर्षं तोंडातून न निघालेली गोष्ट दोन ओळींत बसवायची म्हणजे काय असतं ते मला विचारा. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "एवढं खरं लिहू नको गं, लोक वाचतील."

कंत्राटदाराने नकाशा आणला तेव्हाही शेठनी खाली येऊन मला बोलावलं. कागदावर एक चौकोन, त्यात कमोड, डाव्या बाजूला धरायची दांडी, बाहेर उघडणारं रुंद दार, खाली ठेवलेलं बेसिन. मी त्यातल्या दोन चुका काढल्या. दांडी उजव्या बाजूला घ्या म्हटलं, कारण जोर डाव्या हातावर आला तर माझी कुबडी कुठे जाणार? कमोडही मीच निवडला, रांग सातमधला, उंच सीटचा. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम को सब मालूम है." मी फुगले. सगळं विचारलं मी त्या दिवशी, फरशी खरखरीत लावा इथपर्यंत. फक्त एक विचारलं नाही. हा चौकोन बसणार कुठे?

हे आठवलं की अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

रॅम्प आधी झाला. चांगला झाला, ते कबूल करते. फुटकी पायरी गेली, कडेला पाइपचा कठडा आला. दुसऱ्या दिवसापासून हमालांनी त्यावरून हातगाड्या घ्यायला सुरुवात केली आणि मला कठड्याला चिकटून उभं राहावं लागायचं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मी टेबलावर बसून बाथरूमच्या कामाची वाट बघत होते. दिवाळीच्या आधीचा माल येत होता, तळाला पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून उशीर होत असेल असं मी धरून चालले होते.

मग एका दुपारी पाहिलं तर प्लंबर खांबाला पाइप बांधत होता. खालून वर. मी बराच वेळ बघत राहिले. पाइप वर, वर, माळ्यापर्यंत गेला आणि केबिनच्या बाजूला भिंतीत शिरला.

सुपरवायझर दादा जवळच उभे होते. पडघ्याकडच्या एका गावचे, घरी अजून थोडी शेती आहे, मनाने सरळ माणूस. मी विचारलं, "दादा, हा पाइप कुठे चाललाय?"

त्यांनी आधी स्वतःची चप्पल बघितली. मग म्हणाले, "ताई, मी बोललो व्हतो शेठला. वर न्हाय जमायचं तिला, म्हटलं. पर आयकतं कोन? खाली जागा न्हाय म्हनतात."

मी त्याच वेळी शेठना फोन लावला. वरच बसले होते, पण वर जायचं कसं? जिना लोखंडी, अठरा पायऱ्यांचा, शिडीइतका उभा, एका बाजूलाच कठडा. ज्या माळ्यावर मी तोवर एकदाही गेले नव्हते त्या माळ्यावर माझ्यासाठी संडास बांधत होते.

शेठ चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते समजावत होते. "अगं, खाली एक-एक फूट माल का है. खालची जागा संडासला घालवली तर माल वर चढवायचा का? मालाला वर चढवायला मजुरी लागते. माणूस आपलं आपण चढतो." मग काय बोललो ते त्यांनाच कळलं असावं. "तू टेन्शन मत ले. तुला दिवसातून एकदा-दोनदा लागणार. दोन हमाल उचलून नेतील. मी सांगून ठेवतो."

दोन हमाल उचलून नेतील. मी चाळिशीतली बाई आहे. ज्या हमालांकडून मी चलनावर सह्या घेते, ज्यांना 'रांग चार खाली करा' म्हणून ओरडते, त्यांनी मला उचलून संडासात न्यायचं आणि बाहेर उभं राहायचं. फोन ठेवल्यावर मी त्या दिवशीची जावक चुकीची लिहिली. स्टॉक चुकला असं माझ्या नोकरीत तेवढंच एकदा झालंय.

आणि मी शेठना राक्षस म्हणणार नाही. इथे सगळेच असं मोजतात. गाळ्यात तळ म्हणजे माल, माळा म्हणजे माणसं. ऑफिस वर, जेवायची जागा वर, देवही वर. जमिनीवर जे पडतं त्याचं भाडं येतं. नकाशा काढणाऱ्याला, बांधणाऱ्याला, पैसे मंजूर करणाऱ्याला कोणालाच हा संडास वर नेण्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. फॉर्ममध्ये दाराची रुंदी विचारली होती, सीटची उंची विचारली होती, दांडीची जाडीसुद्धा विचारली होती. मजला विचारलाच नव्हता. हे कळल्यावर मला शेठचा राग कमी आणि त्या फॉर्मचा राग जास्त आला.

बांधून झाल्यावर त्याची किल्ली शेठच्या जुडग्यात गेली. वर ते जातात, त्यांचे पाहुणे जातात. दारावर निळ्या पाटीवर चाकांच्या खुर्चीचं चित्र लावलंय. पॅकिंगच्या मावशी एकदा झाडायला गेल्या होत्या, त्या खाली येऊन मला म्हणाल्या, "लई भारी बनवलंय तुझं बाथरूम. आरसा पण हाय." त्या बिचाऱ्या मनापासून बोलत होत्या. मी त्यांच्यावर खेकसले आणि मग दिवसभर मला वाईट वाटत राहिलं.

काही आठवड्यांनी ठाण्याहून साहेब आले. पाहणी. आदल्या दिवशी शेठ म्हणाले होते, चांगला ड्रेस घालून ये. मी रोजचाच घातला. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, फाइल घट्ट धरून चालणारे, घाईतले. रॅम्प पाहिला, मोजपट्टी लावली, माझा रॅम्पवर एक फोटो काढला. मग शेठबरोबर वर गेले. वरून चहाच्या कपांचा आवाज आला. मी खाली टेबलाशी. थोड्या वेळाने साहेबांचा आवाज आला, "लाभार्थी कुठे आहेत? त्यांचा सुविधेसोबत फोटो लागतो. जिओ-टॅग."

शेठनी कठड्यावरून वाकून मला हाक मारली. दोन हमाल जिन्यापाशी येऊन उभेही राहिले, आधीच सांगून ठेवलेले. एकाने हात गमछ्याला पुसले.

"हात नका लावू," मी म्हणाले. माझा आवाज एकदम खाली गेला होता. राग आला की माझा आवाज असा उतरतो.

मी कुबडी मावशींच्या हातात दिली. पहिल्या पायरीवर पाठमोरी बसले. मागच्या पायरीवर दोन्ही तळवे टेकले, डावा पाय रेटला आणि अंग उचलून वर घेतलं. उजवा पाय सरळ पुढे, कॅलिपर पत्र्यावर घासत, प्रत्येक पायरीला आपटत. असं एकेक. लहानपणी शाळेत मी अशीच चढायचे, तेव्हा कोणी बघत असलं तरी कळायचं नाही. आता खाली सगळा गाळा थांबला होता. ट्रॉली थांबल्या होत्या. पायऱ्यांच्या पत्र्यावरचे उंचवटे तळव्यात रुतत होते आणि ड्रेसची मागची बाजू धुळीने भरत होती, ते मला न बघता कळत होतं. नवव्या पायरीवर दम लागला. वरून साहेब म्हणाले, "सावकाश, सावकाश," आणि फोन बघू लागले. मावशी माझ्या खालच्या पायरीवर कुबडी छातीशी धरून रडत होत्या. मी त्यांना म्हटलं, रडू नका, मला अजून राग येतो.

वर पोचले. कुबडी घेतली, उभी राहिले, कोणाशी न बोलता आत गेले आणि कडी लावली.

खरंच भारी होतं. दांडी उजव्या बाजूला. फरशी खरखरीत. रांग सातचा कमोड. बसले तर बरोबर माझ्या मापाचा. इतक्या वर्षांत कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, मी पहिल्यांदा लघवी केली आणि त्या सुखाचीच मला इतकी चीड आली की भिंतीवर मूठ मारली. बाहेरून दारावर टकटक. साहेब म्हणत होते, "ताई, फोटो दार उघडं असताना हवा होता."

बाहेर आले तेव्हा साहेब फाइल मांडीवर घेऊन लिहीत होते. लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं, मला बरं वाटावं म्हणून असेल: "लाभार्थीने सुविधेचा प्रत्यक्ष वापर करून दाखविला. सुविधा उपयोगात आहे." मग पेन माझ्यापुढे धरलं. "इथे सही करा. तीन प्रती आहेत."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले. मला वाटलं होतं माझं ते चढणं बघून कोणाला तरी लाज वाटेल. त्यांनी त्याचा पुरावा केला. अठरा पायऱ्या घासत जाऊन मीच त्यांना सिद्ध करून दिलं होतं की मला वर जाता येतं. फोटोत अक्षांश येतील, रेखांश येतील, मजला येणार नाही. आणि ही सही झाली की उरलेले अर्धे पैसे येतील, फाइल बंद होईल, आणि या जन्मात कोणी खाली दुसरा संडास बांधणार नाही.

मी पेन घेतलं. सहीच्या वर जी मोकळी जागा होती तिथे लिहिलं: ही सोय माळ्यावर आहे. जिना अठरा पायऱ्यांचा आहे. मी बसून, हातांवर चढून आले. मला पाव तास लागला. रोज हे मला जमणार नाही. ही सोय माझ्यासाठी नाही. खाली सही केली.

"अहो, इथे मजकूर लिहायचा नसतो," साहेब म्हणाले. "कागद खराब झाला." त्यांनी दुसरी प्रत पुढे केली. मी त्यावरही तेच लिहिलं, तेवढ्याच ठळक अक्षरात. तिसरी त्यांनी लगेच दिली नाही. मी हात पुढे करून ओढून घेतली आणि तीही भरली.

शेठचा चेहरा उतरला होता. "कशाला वाकड्यात शिरतेस?" ते हळूच म्हणाले. "मी तुला काय कमी केलं? कल को नोकरी पे आनाच है ना तुझे?"

"खाली बांधा," मी म्हणाले. "रांग सात हलवली तर जागा होते. मी मोजलीय."

"रांग सात?" शेठ म्हणाले. "माल कुठे ठेवू?"

याचं उत्तर त्यांनी स्वतःच त्या दिवशी फोनवर दिलं होतं, मजुरी देऊन माळ्यावर चढवायचा. साहेबांनी तिन्ही प्रती फाइलमध्ये घातल्या, घड्याळ पाहिलं आणि उठले. त्यांना कशेळीला अजून एक पाहणी होती. शेठही त्यांच्यामागे, गाडीपर्यंत सोडायला, वाटेत काहीतरी बोलायला.

पण जिन्याशी मी त्यांच्याआधी पोचले होते. वरच्या पायरीवर बसले, कुबडी मांडीवर आडवी घेतली, तळवे टेकले, खालच्या पायरीवर आले. जिना एका माणसाच्या रुंदीचा आहे. मी बसले की दुसऱ्याला बाजूने जाता येत नाही.

"ताई, जरा सरकता का?" मागून साहेब म्हणाले. "आम्हाला घाई आहे."

मी सरकले नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. पुढच्या पायरीवर तळवे टेकले, अंग खाली घेतलं, कॅलिपर आपटला. साहेबांचा फोन वाजत होता, तो त्यांनी उचलला नाही. खाली हमाल, मावशी, सुपरवायझर दादा सगळे वर बघत उभे होते, आणि माझ्यामागे साहेब, त्यांच्यामागे शेठ, एकेक पायरी, माझ्या चालीने, खाली उतरत होते.